उताराचा शेवटचा पट्टा

१२ मे
उताराचा चौथा पट्टा फवारून झाला. आधी जिवाणूंचं पाणी, मागून युरिया आणि कॅल्शियमचं. मातीचे कण एकमेकांना धरतात, पावसात सुटत नाहीत. वास मात्र असा, की डोळ्यांतून पाणी! खालच्या घरातला न्हावी ओरडला, "साहेब, तुमच्या किड्यांना मुतायला आमचंच डोकं सापडलं का?" हसलो. तो वास म्हणजेच जिवाणू कामाला लागल्याची खूण.

१९ मे
शेवटचा पट्टा — ताई आणि तिच्या शेजारचा शिंपी, यांच्या घरांमागचा. जिवाणूंची पिंपं दोन दिवस उन्हात राहिली होती. ताजी खेप मागवायची तर आठवडा गेला असता. तीच फवारली.

२१ मे
ताई खूश. "आमच्याकडे वासाचं नावसुद्धा नाही! भाऊ असावा तर असा." शिंपी म्हणाला, "शेजारी राहिल्याचा आम्हालाही फायदा." मी मान डोलावली!
वास नाही म्हणजे जिवाणू मेलेले. हे न कळायला मी काही काल कामाला लागलेलो नाही.

२४ मे
अहवालाची मुदत उद्या. मातीचे नमुने पहिल्या चार पट्ट्यांतलेच घेतले. 'संपूर्ण उतार स्थिर.' सही ठोकली. आजवर एकही तारीख चुकवलेली नाही.

९ जून
तीन दिवस पाऊस थांबायला तयार नाही. ताईला फोन केला — हिची कंबर धरलीय, चार दिवस ये. खोटंच. "आधी सांगायला काय झालं होतं रे?" म्हणत दुपारीच आली. निघताना शिंप्याने तिला विचारलं म्हणे, आम्हीही हलावं का? "छे! माझ्या भावाने सही केलीय," असं सांगून आली.
शिंप्याचा नंबर आहे माझ्याकडे. दोनदा काढला. पण सांगणार काय? सही खोटी आहे म्हणून? उद्या उघडेल पाऊस, म्हटलं.

१० जून
शेवटचा पट्टा पहाटे खाली आला. दोन्ही घरं गाडली गेली. शिंपी वाचला. त्याची बायको गेली.
बाकीचा उतार जागच्या जागी.
एक फोन. तेवढाही केला नाही.

१६ जून
ताई शिंप्याला भेटून आली. तेव्हापासून पाणीसुद्धा घेत नाही. "त्यांना राहा म्हणणारी मीच रे!"
जवळ बसलो. म्हणालो, "ताई, तुझा काय दोष? पाऊसच तसा होता."