आईच्या दहाव्याला कावळा शिवला नाही

अण्णा, आईच्या पिंडाला कावळा शिवला नाही. हे तुम्हाला सांगायलाच हवं, कारण यात दोष तुमचा आहे असं माझं ठाम मत आहे. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, आणि तुम्हाला जाऊन तर किती वर्षं झाली, पण जिवंत माणसांशी भांडून या महिन्यात मला पुरता कंटाळा आला आहे. आई नव्वदीला टेकली होती. झोपेत गेली, कुणाला उठवलं नाही, पाणीसुद्धा मागितलं नाही. भेटायला आलेला प्रत्येक जण म्हणाला, सोनं झालं. सोनं झालं म्हणणारी हीच मंडळी दहाव्या दिवशी घाटावर उभी राहून घड्याळाकडे बघत होती आणि समोरच्या झाडावर बसलेला कावळा आमच्याकडे बघत होता. तिला काय हवं होतं ते आमच्यापैकी एकालाही सांगता आलं नाही. मला तर नाहीच नाही, आणि माझ्याकडेच सगळे आशेने बघत होते.

मुळात ही भानगड तुम्ही सुरू केलीत. बुधवार पेठेतलं तुमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान एवढंसं, आत दोन माणसं आली की तिसऱ्याने फुटपाथवर उभं राहायचं. रेडिओ दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाईक स्टुलावर बसायचं आणि बोलायचं. तुम्ही मान वर करायचा नाहीत, त्यामुळे ते आणखी बोलायचं. मग त्यातलं कुणी गेलं की दहाव्याला तुम्ही ओंकारेश्वराच्या घाटावर हजर. पिंड ठेवलेला, कावळा झाडावर, आणि घरचे हात जोडून एकेक कबूल करताहेत, कारण गेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, आणि ती ओळखून ‘करू’ म्हटल्याशिवाय सुटका नाही. आम्ही भाऊ भांडणार नाही, धाकटीचं लग्न करून देऊ, ठरलेली मोठमोठी वचनं. सगळ्यांचं बोलून संपलं की तुम्ही खाकरून पुढे व्हायचात. त्या तापट हेडमास्तरांच्या वेळचं तर पेठेतल्या जुन्या लोकांना अजून पाठ आहे. तिन्ही मुलगे एकोप्याने राहण्याच्या शपथा घेऊन दमले, कावळा ढिम्म. तुम्ही म्हणालात, “सर, तुमचा रेडिओ धाकट्या सूनबाईंकडेच राहील. बातम्या तुम्हाला ऐकू येतील एवढ्या मोठ्याने त्याच लावायच्या.” कावळा खाली आला. थोरल्या सूनबाईंनी तुमच्याशी बोलणं टाकलं ते कायमचं. तेव्हापासून पद्धतच पडली, कावळा अडला की अण्णांना बोलवा.

तुमच्या दुकानाच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात. दुकान गेलं, पण हे काम काही गेलं नाही, ते माझ्या गळ्यात आलं. मी बँकेतून निवृत्त झाले ती शांतपणे शब्दकोडी सोडवायला मिळतील म्हणून. पण यंदा आपल्या इमारतीतल्या म्हाताऱ्या माणसांनी ठरवून एकामागून एक निघायचं मनावर घेतलं. आधी तिसऱ्या मजल्यावरचे काका गेले. त्यांच्या मुलाचा हिंजवडीहून फोन. “मावशी, तुम्ही यायलाच पाहिजे. तुमच्या फॅमिलीला ते नॉलेज आहे म्हणे.” मी म्हटलं, “नॉलेज वगैरे काही नाही. तुझे वडील जिन्यात दम खायला थांबायचे तेव्हा माझ्याशी बोलायचे, एवढंच.” तो म्हणाला, “हो ना, आमच्याशी बाबा फारसे बोललेच नाहीत.” मी म्हटलं, “तुम्ही जिन्यात थांबला नाहीत.” राग आला असेल त्याला, पण गरज त्याला होती, मला नव्हती.

घाटावर गेले तर हा मुलगा हात जोडून सांगतोय, “बाबा, तुमच्या आठवणींची ही वास्तू आम्ही कधीही पाडू देणार नाही.” कावळा होता त्याहून वरच्या फांदीवर जाऊन बसला. मुलीला परदेशातून यायला जमलं नव्हतं, म्हणून तिच्यासाठी एकाने पिंडासमोर मोबाइल धरला होता, आणि त्यातून ती सारखी विचारत होती, “कावळा कुठाय? कॅमेरा जरा वर करा ना!” अण्णा, कावळे बिचारे माणसांना सरावले आहेत, पण त्यांनीही किती सोसायचं! मी पुढे झाले आणि म्हटलं, “काका, इमारत पाडायच्या कागदावर तुमची मुलं सह्या करतील. नव्या इमारतीत लिफ्ट होणार आहे.” मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. गेली कित्येक वर्षं तो माणूस दर मजल्यावर थांबून या वास्तूला शिव्या घालत होता, आणि ह्यांना आठवणी सुचताहेत. कावळा आला, भाताचा घास घेतला, आणि फोनमधली मुलगी रडायला लागली. मला वाटलं हे शेवटचं. कसलं शेवटचं! पुढच्याच महिन्यात पलीकडच्या घरातल्या शिवणक्लासच्या बाई गेल्या. त्यांचा पुतण्या एकच वाक्य बोलत होता, “आत्या फार प्रेमळ होती.” प्रेमळ! टाका वाकडा गेला की लाकडी पट्टीने बोटं शेकायच्या. माझीही शेकली आहेत, तुम्हाला आठवत असेल. मी सांगितलं, “बाई, तुमचं मशीन भंगारात जाणार नाही.” कावळा शिवला आणि पुतण्याचा चेहरा पडला, कारण मशीन आदल्याच दिवशी भंगारात गेलं होतं. कबूल मी केलेलं, म्हणजे सोडवायचंही मीच. ते धूड आता माझ्या गॅलरीत आहे. कपडे वाळत घालायला गेले की दर वेळी गुडघ्याला लागतं आणि दर वेळी तुमची आठवण येते, चांगल्या अर्थाने नव्हे.

आणि मग आई. या सगळ्या माणसांचं मला थोडं थोडं माहीत होतं, आणि जिच्याबरोबर साठ वर्षं काढली तिच्याबद्दल डोक्यात काहीच नाही. दिवाळीला विचारावं, आई, तुला काय आणू? “मला काय करायचंय? तुमचं झालं की माझं झालं.” आंबा कापला तर कोय तिची, पोळ्या केल्या तर करपलेली तिची. आवडतं म्हणून घेते की उरतं म्हणून, हे शेवटपर्यंत कळू दिलं नाही. अशा माणसाची इच्छा ओळखायची कुणी आणि कशी? तुम्हीच ओळखायला हवी होती. तुमची बायको होती ती.

मला तुमच्या त्या सकाळी आठवतात. तुम्ही घाटावर गेलात की आई बंब पेटवते. तुम्ही आलात की आधी आंघोळ, म्हणून मोरीत पाणी काढून ठेवते, दाराशी धुतलेलं धोतर ठेवते, चहाचं आधण ठेवते. मी ओट्यापाशी पाटावर बसून वेणी घालून घेण्याची वाट बघत असायचे. तुम्ही आंघोळ करून खुशीत स्वयंपाकघरात येता, आणि कोण काय बोललं, कावळा कुठे बसला होता, तुम्ही काय म्हणालात आणि तो कसा आला, हे सगळं रंगवून सांगता. दुसऱ्याच्या दहाव्याहून आलेला माणूस एवढा खुशीत मी दुसरा पाहिला नाही. एकदा, बहुतेक त्या हेडमास्तरांच्याच दहाव्याला, ती चहा गाळता गाळता म्हणाली, “सगळ्या पेठेचं कळतं तुम्हाला. मी गेले की काय सांगाल?” तुम्ही हसलात. “तुझं काय सांगायचंय? तू तृप्त आहेस. तुझ्या वेळी कावळा धावत येईल.” तिने कप तुमच्यापुढे सरकवला आणि म्हणाली, “घ्या, निवतोय.” माझी वेणी त्या दिवशी तिने इतकी घट्ट घातली की शाळेत दिवसभर डोकं ठणकत होतं.

धावत येईल म्हणे! तुम्ही स्वतः पुढे निघून गेलात. तुमच्या वेळी तर गुरुजींचे मंत्र संपायच्या आत कावळा आला होता, दादाने घरी येऊन सांगितलं. येईलच. तुमची कसली इच्छा राहणार! सगळं वेळच्या वेळी हातात मिळालेला माणूस.

आता आईच्या वेळी काय झालं ते ऐका. दादा बंगळुरूहून आला होता. तो पुढे होऊन म्हणाला, “आई, ताईला अंतर देणार नाही.” मी बासष्ट वर्षांची आहे, मला तो कसलं अंतर देणार आणि कसलं नाही देणार? वहिनी म्हणाली, चैत्रातलं हळदीकुंकू चालू ठेवीन. कावळा चोच पुसत बसला. दादाच्या मुलाने हळूच विचारलं, “आजीचा काही पेंडिंग इश्यू होता का?” गुरुजी भले गृहस्थ, पण मागे दुसरी मंडळी खोळंबलेली. ते म्हणाले, “ताई, आपणच आता काय ते बोला. आपल्या घरात ही विद्याच आहे.” सगळे बाजूला सरकले, मला वाट करून दिली. मी पुढे गेले, हात जोडले आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आंब्याची कोय आठवली, करपलेली पोळी आठवली, ते काय बोलायचं? मग मला इतका संताप आला, अण्णा, की मी चारचौघांत ओरडले, “अण्णा, आता तुम्हीच सांगा काय ते! तुमची बायको आहे ती!” दादाने माझा दंड धरला. कावळा उडाला तो नदीच्या पलीकडे गेला. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि म्हणाले, शास्त्राने चालतं. चालत असेल. मला चाललं नाही.

घरी आल्यावर आंघोळीला रांग लागली. गीझरचं पाणी दोघांत संपलं, मग ते कुणी संपवलं यावरून वहिनीचं आणि दादाचं वाजलं. चहा कुणीच ठेवला नव्हता. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, त्याच, लिफ्टवाल्या काकांच्या, कठड्याला धरत धरत पिठलंभात घेऊन खाली आल्या. त्यांना कळलंच होतं. पेठेत बातमी माणसांच्या आधी घरी पोचते. पातेलं खाली ठेवत त्या म्हणाल्या, “शिवला नाही ना? मला वाटलंच होतं. तुझ्या आईला एकदा घाटावर जायचं होतं गं.”

“घाटावर? कशाला?”

“तुझ्या वडिलांना ऐकायला. म्हणायची, हे घरी येऊन सांगतात ते शिळं. तिथे उभे राहून कसे बोलतात, ते एकदा बघायचंय. बाजारात बायका मला थांबवून सांगतात, तुमचे हे काय बोलले हो, आणि मी आपली मान हलवते.”

“मग म्हणाली का नाही कधी?”

“काय म्हणेल? अमक्याच्या दहाव्याला मलाही न्या, असं कुणी म्हणतं होय? तेव्हा बायका जात का घाटावर? आणि जायला लागल्या तेव्हा बोलणारा कुठे राहिला होता?”

मी काकूंवरच चिडले. हे सकाळी घाटावर येऊन का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, “माझे गुडघे बघ आणि मग बोल. आणि मला विचारलं कुणी?” आधी कळलं असतं तरी मी पिंडापुढे काय कबूल करणार होते? मशीन परत आणता येतं. तुम्हाला कुठून आणणार होते मी?

पिठलंभात सगळ्यांनी पोटभर खाल्ला. मला खाववेना. माझा राग दुपारभर उतरला नाही, आणि तो आता तुमच्याएवढाच तिच्यावरही होता. जन्मभर जिने स्वतःसाठी काही मागितलं नाही, तिची एक इच्छा सापडली तर तीही तुमचीच! स्वतःचं काही असायला नको होतं का? एखादी काशी, एखादी सोन्याची बांगडी, निदान न करपलेली पोळी? आणि तुम्ही, एवढं सगळ्यांचं ऐकणारे. स्वयंपाकघरात बसून इतकी वर्षं रंगवून सांगितलंत, पण तिथे समोर ऐकायला कोण बसलंय हे एकदा तरी मान वर करून बघायचंत. एक दिवस ‘चल’ म्हणायचंत. घाट घरापासून असा किती लांब होता? लोकांनी नावं ठेवली असती. ती तशीही ठेवतात.

दादा काल बंगळुरूला परत गेला. जाताना म्हणाला, जे झालं ते मनात ठेवू नकोस. म्हणून ते इथे लिहून काढलं. हे पाठवायला तुमचा पत्ता नाही, आणि असता तरी तुम्ही हे वाचून कुणाला तरी रंगवून सांगितलं असतंत, म्हणून पाठवलं नसतंच. आज सकाळी पुन्हा फोन आला, मागच्या गल्लीतल्या एक आजी गेल्या, परवा दहावा आहे, ताई तुम्ही याल ना? मी येते म्हटलं. जाईन. आता एक गोष्ट सांगते, ती दादालाही ठाऊक नाही. तुम्ही दर वेळी त्याला बोटाला धरून घाटावर नेलंत, मला नाही. तुम्ही तिथे कसे उभे राहायचात, आवाज किती चढवायचात, कावळ्याकडे बघायचात की पिंडाकडे, मी कधी पाहिलेलं नाही. काकांपुढे, बाईंपुढे मी बोलले ते सगळं अंदाजाने. लोक म्हणतात, ताई, अगदी अण्णांसारखं बोलता. मी हो म्हणते. मला काय माहीत!