मामा, तो सामना तुम्ही दोनदा का खेळलात?

प्रिय अंकुशमामा,

सप्रेम जय भीम.

तुम्हाला जाऊन वर्ष होत आलं आणि मी आज पत्र लिहायला बसले आहे. कारण ऐकलंत तर हसाल. आपल्या त्या फुटबॉलच्या गेमची यंदाची नवी आवृत्ती आली. तो खेळणाऱ्या मराठी लोकांचा फोनवर एक ग्रुप आहे, बरीचशी मंडळी कोल्हापूरची. तिथं एकानं विचारलं, ‘इतकी वर्षं ही मालिका खेळताय, तर तुमचं खरं मत काय? प्रत्येकानं चार ओळी लिहा.’ मीही लिहायला घेतलं. ‘हा गेम मी माझ्या मामांबरोबर’ एवढं लिहून झालं आणि पुढं बोट हलेना.

मग म्हटलं, ज्यांना सांगायचं त्यांनाच लिहावं.

बाकीच्यांनी काय लिहिलं सांगू? सगळी तुमचीच वाक्यं, मामा! एक म्हणतो, सामना सुरू व्हायच्या आधीच निकाल ठरलेला असतो, आपण नुसते ठिपके पळताना बघतो. दुसरा म्हणतो, पाच सामने जिंकू देतात आणि सहाव्याला मुद्दाम पाडतात. तिसऱ्याचं म्हणणं, दर वर्षी गेम तोच, नुसता सदरा नवा. एकानं तर जाहीर करून टाकलं की ही शुद्ध फसवणूक आहे, मी सोडला खेळ. आणि अर्ध्या तासानं तोच विचारतोय, चांगला गोलकीपर कुठला घेऊ?

मी बाई आहे यावरही त्यांचा विश्वास नाही. ‘ताई, तुम्ही खरंच ताई आहात का?’ असं विचारतात. बीड जिल्ह्यातली बाई आणि फुटबॉलचा संघ चालवते, हे कसं पटावं?

पटलं तुम्हालाही नव्हतं. आठवतं ना? छावण्या पडल्या होत्या ते वर्ष. गावातली निम्मी जनावरं छावणीत आणि उरलेल्यांच्या कासेत काही नाही. तुम्ही दूध संस्थेचे सचिव. सकाळी तासाभरात संकलन आटपायचं आणि मग संध्याकाळपर्यंत त्या खोलीत तुम्ही, फॅट मोजायचं मशीन आणि माश्या. मी बीडचा क्लास सुटीसाठी बंद झाला म्हणून तुमच्याकडं आलेली. घरात पत्रे तापायचे, म्हणून लॅपटॉप घेऊन संस्थेच्या खोलीत बसायची.

एकदा तुम्ही मागं येऊन उभे राहिलात. “अभ्यास हाय का ह्यो?”

“न्हाई मामा, गेम हाय. फुटबॉलचा.”

“मग बॉल कोण मारतंय?”

“कुणीच न्हाई. आपण मॅनेजर असतो. अकरा जण निवडायचे, सराव ठरवायचा, कुणाला घ्यायचं कुणाला काढायचं ते बघायचं. खेळतात ते आपलं आपण.”

तुम्ही पडद्याकडं वाकलात. म्हणालात, “म्हंजी संस्थाच की!”

आणि तिथून तुम्ही जे चिकटलात! जन्मात कधी फुटबॉलला पाय लावला नव्हता. पण आठवड्याभरात तुम्हाला इंग्लंडमधल्या खालच्या लीगमधले खेळाडू नावानिशी पाठ. नावं तुमच्या पद्धतीची. एक उंच फॉरवर्ड होता, त्याला तुम्ही ‘खांब्या’ म्हणायचात. पस्तिशीच्या गोलकीपरला काढा असं मी सांगत होते, तर म्हणालात, “ऱ्हाऊ दे, कुठं जाईल बिचारा आता?”

पण संशय! बाई बाई! नवा खेळाडू शोधणारा माणूस अहवाल पाठवायचा, तर तुम्ही म्हणायचात, “ह्यो लबाड बोलतोय. त्या पोराच्या गावचा दिसतोय.” कुणी जखमी झाला की, “लंगडायचं नाटक हाय.” हरलात की कॉम्प्युटरला धरायचात. पाटोद्याला नेट कॅफे चालवणारे रफिकभाई दर वर्षीची नवी आवृत्ती कुठून कुठून मिळवून आणायचे. त्यांनाही तुम्ही सोडलं नाही: “रफिक, तू दिलेली सीडीच बिघडलेली हाय बे. माझ्या टीमला मुद्दाम पाडती.”

रफिकभाई म्हणाले, “भाऊ, सगळेच असं म्हणतात. माझ्या दुकानात येणारा हर एक जण म्हणतो की गेम त्याच्याच दुश्मनीवर हाय.”

मग आपण तिघांनी एकाच लीगमध्ये तीन संघ घेतले. रफिकभाई दुपारी दुकान भावावर सोपवून मोटारसायकलवर यायचे. बाहेर टँकरसाठी घागरी लागलेल्या आणि आत आपली भांडणं. खरं सांगते, त्या उन्हाळ्याइतकी मी पुन्हा कधी हसले नाही.

आता शेवटच्या सामन्याचं बोलते. तेच बोलायचं आहे.

मी एका गुणानं पुढं होते. तुम्ही दुसरे. रफिकभाई खाली कुठं तरी. शेवटच्या दिवशी मला परीक्षेसाठी बीडला जायचं होतं. मी माझा संघ लावून ठेवला आणि रफिकभाईंना म्हटलं, माझ्या वतीनं फक्त बटण दाबा. परत आले तर माझा संघ बरोबरीत अडकलेला, तुमचा एक-शून्यनं जिंकलेला, आणि चषक तुमच्या नावावर.

मला ते खपलं नाही. मी लॅपटॉपमध्ये शोधलं. त्या आठवड्याची फाईल त्या दुपारी दोनदा उघडलेली दिसली. हा गेम खेळणाऱ्या प्रत्येकाला याचा अर्थ माहीत आहे. हरलं की गेम न साठवता बंद करायचा, जुनी फाईल पुन्हा उघडायची आणि जिंकेपर्यंत तोच सामना खेळायचा. ग्रुपमध्ये यावर शपथा घेतात लोक. मी कधीच करत नाही म्हणतात, आणि दुसरा करतो म्हणतात.

संध्याकाळच्या संकलनाची वेळ होती. आठ-दहा जण किटल्या घेऊन रांगेत. मी ओट्यावर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “मामा, हरलात म्हणून फाईल परत उघडली ना? चोरून जिंकलात तुमी!”

तुम्ही दुधाच्या नमुन्यावरून नजर उचललीत. “तुला तसं वाटतंय का?”

“हो.”

“मग ऱ्हाऊ दे.”

एवढंच. पुन्हा नमुन्यात डोकं घातलंत.

रांगेत बापूराव होते. संस्थेच्या निवडणुकीत दुसरं पॅनल त्यांचंच. तुमच्या खुर्चीवर त्यांचा डोळा होता, आणि आपल्या वस्तीतला माणूस त्या खुर्चीत बसतो हे काहींना आधीपासूनच सलत होतं. ते हसत म्हणाले, “भाचीच म्हनती म्हंजी खरंच आसंल की!” मीही हसले, मामा. मला वाटलं, ते माझ्या बाजूनं बोलतायत.

आठ दिवसांत वाक्य बदललं. पिठाच्या गिरणीत मामींनी ऐकलं: “घरच्या पोरीसंगं खेळात चोरी करतो, त्यो आपल्या दुधाच्या फॅटचं काय करत आसंल?” दुष्काळात दूध पातळ झालं होतं, फॅट खरंच कमी लागत होतं आणि त्यामुळं भावही. पण लोकांना आता कारण सापडलं होतं. निवडणुकीत बापूरावांचं पॅनल आलं. पहिल्याच सभेत तुमच्यावर बोट उठलं. तुम्ही मशीन पुन्हा तपासून घ्या म्हणालात, बाहेरून माणूस बोलवा म्हणालात. कुणी ऐकलं नाही. तुम्ही चाव्या टेबलावर ठेवल्यात आणि चालत घरी आलात.

मला का बोलला नाहीत तुम्ही? एक तरी शिवी द्यायची! तुम्ही जेवायला वाढा म्हणालात मामींना, आणि मला म्हणालात, “परीक्षेचा निकाल कवा गं?”

नंतर तुम्ही गेमचं नावही काढलं नाही. मला तेव्हा त्याचाही संशय यायचा. खरोखर चोरी केली नसती तर हा माणूस भांडला असता, असं वाटायचं. दर पौर्णिमेला विहारात तुम्ही सगळ्यांना पंचशील सांगायचात. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं की मी डोळे किलकिले करून तुमच्या तोंडाकडं बघायची. आवाज अडतो का, ते बघायला! आणि अडला नाही की वाटायचं, सराव झालाय.

एकदा पाटोद्याच्या स्टँडवर भेटलात. मला बीडच्या ऑफिसात नोकरी लागलेली. बस येईपर्यंत इकडचं तिकडचं बोललात आणि मग एकदम विचारलंत, “त्यो गेम खेळतीस का अजून?”

मी “न्हाई” म्हणाले. मामा, खोटं होतं ते. आदल्याच रविवारी दिवसभर खेळले होते. तुम्ही कशाला विचारलंत? काही सांगायचं होतं का? मी ‘हो’ म्हणाले असते तर तुम्ही बसमध्ये चढायच्या आधी थांबला असता का?

मग तुम्ही गेलात. शेतातून आलात, छातीत दुखतंय म्हणालात, बीडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. जलदान विधीला रफिकभाई आले. मंडपात कोपऱ्यात बसले होते, मी पाणी घेऊन गेले, तर ग्लास हातात धरून म्हणाले, “सुनीताताई, भाऊ त्या दिवशी तीन-शून्यनं जिंकत होते.”

मला कळेचना. “कोणत्या दिवशी?”

“तुमी बीडला गेलत्या तवा. दहा मिनटं राहिली होती आन् लाईट गेली. लॅपटॉप बंद. लाईट आल्यावर परत उघडला, तर फाईल जुनीच. मी म्हनलं, भाऊ, आता पुन्हा खेळावं लागतंय. भाऊ म्हनले, लई वाईट झालं, आता सुनी माझ्यावर इश्वास ठेवणार न्हाई. दुसऱ्यांदा एकच गोल झाला, तोबी पेनल्टीवर.”

मामा, त्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली होती. वायर काढली की तो बंद पडायचा. हे मला ठाऊक होतं! फाईल दोनदा उघडल्याचं मी शोधून काढलं, आणि ही साधी गोष्ट डोक्यात आली नाही.

“मग तुमी बोलला कावून न्हाई?” मी जवळजवळ ओरडलेच.

“मला कुणी इचारलंच न्हाई. सभेत येऊन बोलतो म्हनलं, तर भाऊंनी मना केलं. म्हनले, पोरगी माझ्यावरच गेलीय, संशय घेती. एक दिवस आपलं आपण इचारील.”

तुम्ही वाट बघत होतात? किती वर्षं!

आता माझी लाजिरवाणी गोष्ट सांगते. त्या मंडपातून उठताना माझ्या मनात आलं, रफिकभाई हे रचून तर सांगत नाहीत? मेलेल्या दोस्ताचं नाव राखायला, रडणाऱ्या भाचीचं मन राखायला माणूस एवढं बोलू शकतो. तीन-शून्य जरा जास्तच नाही का? मी मामींना विचारलं, “त्या दिवशी दुपारी लाईट गेलती का?” मामी डोळे पुसता पुसता म्हणाल्या, “त्या साली लाईट ऱ्हायलीच कवा, बाई?” यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही. लॅपटॉप केव्हाच भंगारात गेला. ग्रुपमध्ये विचारलं, तर दहा जणांनी दहा मतं दिली, आणि शेवटी एकानं लिहिलं, ‘तुमच्या मामांनी गंडवलं तुम्हाला.’ त्या माणसाला मी चार दिवस मनात शिव्या दिल्या. मग लक्षात आलं, त्यानं माझंच वाक्य लिहिलं होतं.

तेव्हा मामा, तुम्ही तो सामना खरंच जिंकला होतात की नाही, हे मला कधीच कळणार नाही. मी तुमच्यावर विश्वास ठेवायचा ठरवलाय. तो माझा मीच, पुराव्याशिवाय. अवघड जातंय, खोटं कशाला बोलू? काही दिवस सकाळी उठते ती संशय घेऊनच.

पुढच्या महिन्यात दूध संस्थेची वार्षिक सभा आहे. मामींची म्हैस अजून दूध घालते, त्या सभासद आहेत. मी त्यांच्याबरोबर येणार आहे. मामी म्हणाल्या, “काय करायचंय आता? गेला त्यो माणूस.” मी म्हटलं, “मला बोलायचंय.” भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, “मग नीट, मोठ्यानं बोल. मागं ऐकू जात न्हाई तिथं.”

मी उभी राहणार आहे. सांगणार आहे की या ओट्यावर मी माझ्या मामांना चोर म्हणाले, आणि म्हणायच्या आधी त्यांना एक शब्द विचारला नाही. बापूराव नक्की विचारतील, “आता त्यो खरा होता म्हनतीस, तर पुरावा काय?”

मी त्यांना सांगेन, “बापूराव, त्या दिवशीही माझ्याकडं पुरावा नव्हता, आणि तेव्हा तुम्ही मागितला नव्हता.”

हा शब्द देते, मामा. माझा शब्द एकदा तुम्हाला महाग पडला, तरी हा ठेवून घ्या.

उशिरा विचारणारी तुमची भाची,
सुनी