चुंगडीतलं गवत

मामाजी,

समोरच्या घरात नवे भाडेकरू आलेत. त्यातला नवरा तुमच्याच जवाहरनगरच्या फॅक्टरीत आहे, तरुण आहे, आणि त्याच्याकडे विजेवर चालणारी लॉन कापायची मशीन आहे. आज सकाळी त्यानं सगळं लॉन कापलं, ओलं गवत काळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत कोंबलं, घट्ट गाठी मारल्या आणि पिशव्या भिंतीला टेकवून ठेवल्या. मी खिडकीतून बघत होते आणि माझा जीव खालीवर होत होता. शेवटी चहा तसाच सोडून मी गेले. म्हटलं, "भाऊ, हे असं बांधून नका ठेवू. अन् कोणाच्या गाईले तर बिलकुल नका देऊ." त्यानं विचारलं, "काहून?" आता ते सगळं रस्त्यात उभं राहून कसं सांगणार? घरी आले आणि तुम्हालाच लिहायला बसले.

मी तुमच्या घरात आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. शहापूरचं घर बांधून झालं त्याच वर्षी त्या गेल्या होत्या. तुमचं घराणं विणकरांचं, आमचं धानाच्या शेतीचं. तुमच्या मुलानं साकोलीला नोकरी करता करता मला पसंत केलं आणि तुम्हाला नंतर सांगितलं. तुम्ही लग्नाला आलात, अक्षता टाकल्या, जेवलात, पण माझ्याशी बोलला नाहीत. घरात आपण तीन माणसं, आणि तुमचं माझ्याशी जे काय बोलणं असेल ते तुमच्या मुलाच्या मार्फत. "तिले सांग, वरणात मीठ जास्त झालं." आणि मी तिथंच, हातात वरणाचं भांडं घेऊन उभी. पहिले काही दिवस मला हसू यायचं. मग येईनासं झालं. पोळा गेला, दिवाळी गेली, पुन्हा धानाच्या रोवणीचे दिवस आले. आई फोनवर विचारायची, "सासरे बोलतेत का व तुह्याशी?" मी म्हणायचे, "बोलतेत ना."

रविवार मात्र तुमचा असायचा. चहा झाला की बनियन आणि फॅक्टरीची जुनी खाकी पँट घालून तुम्ही ती हातानं ढकलायची मशीन बाहेर काढायचे. त्या अंगणात दुसऱ्या कोणी भाजी लावली असती, तुळस लावली असती. तुम्ही लॉन लावलं होतं. पावसाळ्यात ते असं वाढायचं की आठवडाभरात घोट्याच्या वर. कापलेलं गवत तुम्ही सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्यांत दाबून भरायचे, सुतळीनं तोंडं बांधायचे आणि मागच्या भिंतीशी रांगेनं ठेवायचे. दोन-चार दिवसांत त्या चुंगड्यांतून काळं पाणी पाझरायचं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून आंबूस वास आत यायचा. मी खिडकी लावून घ्यायचे. कोणाला सांगणार?

तो रविवार. तुमचा मुलगा नागपूरला गेलेला. मागच्या गल्लीत राहणारी काकू, जिचं घर एका गाईच्या दुधावर चालायचं, ती दुपारी सहज म्हणून गेली होती की सगळीकडे रोवणी लागल्यानं गाईला चरायला जागा नाही, हिरव्या चाऱ्याची मारामार आहे. ती गेल्यावर तुम्ही दोन चुंगड्या खांद्यावर टाकून तिच्या गोठ्यात रिकाम्या करून आलात. परत येताना चेहऱ्यावर समाधान होतं. मी तांदूळ निवडत होते, तेव्हा बघितलं होतं.

दिवे लावायच्या थोडं आधी तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिलात. एवढ्या महिन्यांत तुम्ही त्या दारात कधी थांबला नव्हतात. तुमचे पाय चिखलानं भरलेले, ओठ कोरडे.

"पोरी," तुम्ही म्हणालात, "तुह्या घरी गाई होत्या ना? मागच्या वहिनीची गाय फुगली. माह्यानं झालं. चाल."

मी गॅस बंद केला आणि तशीच निघाले. गाईची डावी कूस नगाऱ्यासारखी ताणली होती. ती मान लांब करून तोंडानं श्वास घेत होती आणि काकू तिच्या गळ्याला मिठी मारून रडत होती. गुरांच्या डॉक्टरला फोन केला होता, पण ते भंडाऱ्याहून येणार. मला काय येत होतं, मामाजी? लहानपणी एकदा बाबांना करताना पाहिलं होतं, तेवढंच. कडुनिंबाची जाडशी काडी मागितली, ती गाईच्या तोंडात आडवी धरून दोरीनं शिंगांना बांधली, म्हणजे ती चघळत राहील. काकूनं घरातलं जवसाचं तेल दिलं. बाटलीनं थोडं थोडं पाजलं. अर्धं माझ्या साडीवर गेलं. मग म्हटलं, तिला बसू द्यायचं नाही, चढाच्या बाजूनं चालवायचं.

दोर तुम्ही घेतलात. गल्लीपासून हायवेकडे जो चढ जातो, त्यावरून तुम्ही तिला नेत होतात, आणत होतात, आणि मी मागून कूस चोळत होते. ट्रकांचे दिवे अंगावरून जात होते. तुम्ही गाईशी बोलत होतात. "चाल माय. मले समजलं नाही व. हिरवं दिसलं, म्हटलं तू खाशीन. चाल." थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की "माय" गाईला आहे आणि "पोरी" मला, आणि तुम्ही दोघींशी एकाच दमात बोलत आहात. "ते मेली तर त्या बाईनं काय करावं पोरी? सांग मले. म्या काय तोंड दाखवू?" मी म्हटलं, "नाही मरत, मामाजी. तुम्ही दोर सोडू नका."

कितव्या फेरीला ते झालं आठवत नाही. गाय थांबली, मान पुढे केली आणि तिनं असा मोठा ढेकर दिला की त्या आंबट वासानं आपण दोघंही मागे सरकलो. पुन्हा एक. पुन्हा एक. तुम्ही रस्त्याच्या कडेला चिखलात मटकन बसलात आणि खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर घेतलात. तुम्ही हसत होतात की रडत होतात, मी विचारलं नाही.

डॉक्टर आले, त्यांनी औषध दिलं आणि गोठ्यातलं उरलेलं गवत हातात घेऊन हुंगलं. म्हणाले, "मशीननं बारीक कापलेलं गवत गाय चावतच नाही, घटाघट गिळते. अन् हे तर चुंगडीत कोंडून आंबलेलं. आत हात घालून पाहा, किती गरम झालं आहे ते." तुम्ही मान खाली घालून ऐकलंत. मग काकूसमोर हात जोडलेत. ती म्हणाली, "राहू द्या भाऊजी, वाचली ना. ही पोरगी होती म्हून." तेव्हा तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणालात, "हो. सून हाय माही."

पुढच्या रविवारी मशीन थांबली आणि अंगणातून हाक आली, "पोरी, बाहेर ये. या गवताचं काय करायचं, सांग." मलाही कुठं माहीत होतं! आपण ते गच्चीवर वाळत घातलं. वारा सुटला आणि सगळं शेजारच्या ओल्या धुण्यावर जाऊन बसलं. परसातल्या वांग्यांच्या बुडाशी जाड थर दिला. त्याचा चिकट लगदा झाला आणि दोन झाडं सडली. त्यावर तुम्ही मला रागावलात, "एवढं कायले टाकलं? रजई पांघरून राहिली का वांग्याले?" तुम्ही मला, सरळ, मधे कोणी न ठेवता रागावलात. मी आत जाऊन भांडी घासता घासता खूप वेळ आनंदात होते.

हळूहळू जमलं. थोडं थोडं, लवकर लवकर कापायचं आणि निम्मं लॉनवरच राहू द्यायचं, ते आपोआप मुरतं. हे तुम्हाला पटायला फार दिवस लागले. "दाढी केली अन् केस गालावरच ठेवले, असं दिसते," म्हणायचे. उरलेलं गवत आंब्याच्या वाळल्या पानांत मिसळून विटा रचलेल्या कोपऱ्यात खतासाठी टाकायचं आणि मधून मधून खालीवर करायचं. तुम्ही फावडं चालवायचे, मी पानं टाकायचे आणि तुम्ही बोलायचे. तुमच्या वडिलांच्या मागाचा खटखटाट, तुमची सायकल, साहेबांच्या बंगल्यांपुढची लॉनं. एकदा सासूबाईंना फॅक्टरीच्या वसाहतीत नेलं होतं, नुकतंच गवत कापलं होतं, आणि त्या चप्पल काढून कुंपणाबाहेरच उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "आपल्या अंगणात असं करू." हे तुम्ही तुमच्या मुलालाही सांगितलं नव्हतं.

तुम्ही थंडीत गेलात. दवाखान्यात शेवटचं जे बोललात ते काही मोठं नव्हतं. लॉनला पाणी कमी द्या म्हणालात. तेरवी झाल्यावर तुमचा मुलगा लॉन कापायला मजूर बघत होता, मी म्हटलं राहू द्या, आणि मशीन मी काढली. त्याला बरीच वर्षं झाली. आता तुमचा नातू ढकलतो, तो तुमच्याइतक्या सरळ रेषा काढत नाही.

हे कागद मी घडी करून कपाटात साड्यांखाली ठेवीन. एकच सांगायचं राहिलं, मामाजी. मला ते गवत सोसत नाही. दर रविवारी कोपरापर्यंत गांधी उठायच्या, रात्री खोबरेल लावून झोपायचे. तुमच्या मुलालाही बोलू नका म्हणून बजावलं होतं. तुम्हाला कळलं असतं, तर पुढच्या रविवारी तुम्ही हाक मारली नसती.