फळा सलवाला, घर क्लाइव्हला

मी, नोरीन गॅलव्हिन, वय चौऱ्याहत्तर, निवृत्त माध्यमिक शिक्षिका, राहणार गिल्डफर्ड, पश्चिम सिडनी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. पाय मात्र नाहीत. दोन ओळी झाल्या की उठून स्वयंपाकघरात फेरी मारते, कारण शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत आणि डॉक्टर अचानक फार गोड बोलू लागले आहेत. आधीची सर्व मृत्युपत्रे, कालचे धरून, रद्द समजावीत.

१. बँकेतील शिल्लक व मोटार माझा भाचा डॅमियन यास द्यावी. घर त्याला नाही. ईस्टरला आला तेव्हा चहा निवायच्या आत परसात उभा राहून म्हणाला, "आत्या, जुनं घर पाडलं तर इथे दोन घरं आरामात होतील." आत्या अजून त्या जुन्या घरात राहते, याचा त्याला विसर पडला असावा.

२. शाळेने पांढरे फळे आणले तेव्हा मी कचऱ्याच्या गाडीवरून उतरवून घेतलेला हिरवा फळा सलवा हद्दाद हिला द्यावा. ती माझी विद्यार्थिनी, आता त्याच शाळेत इंग्रजीची विभागप्रमुख. तिच्यासारखी मुले घरी अरबी किंवा व्हिएतनामी बोलत, आईबाप कारखान्यात. त्यांना 'मनात येईल ते लिहा' म्हणणे म्हणजे पोहायला न शिकवता पाण्यात ढकलणे. प्रत्येक लेखनाला एक काम असते आणि त्या कामाप्रमाणे त्याचे टप्पे. तक्रार वेगळी, अहवाल वेगळा, मत पटवून देणे वेगळे. म्हणून आधी नमुना उलगडायचा, मग सगळ्यांनी मिळून एक फळ्यावर लिहायचा, वाक्ये मुलांची आणि खडू माझा, आणि त्यानंतरच एकट्याने. सलवाने मधली पायरी गाळून रिकाम्या चौकटींचे कागद वाटायला सुरुवात केली आहे. फोनवर विचारले तर म्हणते, "मॅडम, वेळ कुठे असतो हो?" मला याचा भयंकर राग आहे. तरी फळा तिलाच, कारण तो कसा वापरायचा हे तिला ठाऊक आहे. अट एवढीच की तो वर्गात लावावा, घरात शोभेला नव्हे.

३. घर. येथे मी तीनदा उठले.

क्लाइव्ह पास्को हा माझ्याच शाळेतला शिक्षक, 'मुलांना मोकळं सोडा'वाल्यांचा म्होरक्या. शिक्षकांच्या खोलीत आम्ही एकमेकांना वर्षानुवर्षे पाण्यात पाहिले. निवृत्तीनंतर तो दर शनिवारी भांडायला येऊ लागला आणि माझे टोमॅटोही त्यानेच लावले. आता त्याचा घरमालक त्याला बाहेर काढतो आहे. या घरात त्याने हयातभर राहावे, नंतर ते शाळेच्या ग्रंथालयास जावे, असे मी लिहिले आणि त्याला वाचून दाखवले.

"नको," तो म्हणाला. "तुझ्या टप्प्याटप्प्यांच्या घरात मला झोप यायची नाही."

मी स्वयंपाकघरात लावलेल्या त्याच हिरव्या फळ्याजवळ गेले आणि खडू उचलला. "मग आपण मिळून लिहू. तू सांग, मी लिहिते."

"बरं. तुझाच पहिला प्रश्न विचारतो. या कलमाचं काम काय? दया?"

"तुला रस्त्यावर यावं लागू नये," मी म्हणत म्हणत लिहिले.

"ही दयाच झाली. खोड."

मी खोडले. मग खरे ते सांगितले. "मी शुक्रवारनंतर घरी परत आले तर मला घरात भांडायला माणूस हवं. नाही आले तर माझ्या टोमॅटोंना. मला भीती वाटते, क्लाइव्ह."

त्याने खोडलेल्या जागेकडे बोट केले. "असं लिही ना मग," एवढेच म्हणाला. म्हणून फळ्यावरून जसेच्या तसे: क्लाइव्ह पास्को याने माझ्या हयातीत आणि नंतर, त्याच्या हयातभर, या घरात राहावे, कारण नोरीनला तो तिथे हवा आहे. त्यानंतर घर शाळेच्या ग्रंथालयास, हे आधीचेच कायम.

एवढ्याने तो बधला असे नाही. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, हा इथला कायदा त्याला चांगला ठाऊक. म्हणाला, "साक्षीदार म्हणून मीच सही करतो. कटकटच मिटली." आणि खाली पहिल्या जागी स्वतःचे नाव लिहून मोकळा झाला. शेजारचे दोघे सह्यांसाठी येऊन बसले आहेत, पेन क्लाइव्हच्या हातात आहे आणि मला बसवत नाही.

सह्यांपूर्वीची शेवटची नोंद: वर म्हटलेल्या क्लाइव्ह पास्को याने आपले नाव आत्ताच, माझ्यासमोर, आपल्या हाताने खोडले. पेन शेजारच्या लानच्या हातात दिले आणि टोमॅटोंना पाणी घालायला गेला.

मृत्युपत्र करणार: नोरीन गॅलव्हिन (सही)

आम्हा दोघांसमोर एकाच वेळी सही झाली. या मृत्युपत्रातून आम्हाला काहीही मिळायचे नाही.

साक्षीदार १: <s>क्लाइव्ह पास्को</s> फाम थी लान (सही)
साक्षीदार २: कार्मेनू झामित (सही)

गिल्डफर्ड, बुधवार, १४ मे २०१४