धारेवरचे बूट

अंजनगाव सुर्जी
दि. ३ एप्रिल २०२६

चि. अश्लेषास आशीर्वाद.

त्याचे बूट तू पार्सलनं काऊन पाठवले? अकोल्याहून इकडं यायले एसटी नाही का? माणसानं यायचं असते, बूट पाठवायचे नसते. खोकं आलं तं मले वाटलं सुनेनं काही खायचं पाठवलं. उघडलं तं नितेशचे बूट. तळाले तिकडचा काळा चिखल तसाच. धुवायचे तरी होते. नाही धुतले ते बरंच केलं म्हणा.

फोन केला तं तुहे वडील, वकीलसाहेब, उचलतात अन् अश्लेषा झोपली म्हणतात. सकाळी झोपली, दुपारी झोपली. एवढं कोण झोपते? म्हणून लिहून राहिली. अक्षर लागलं नाही तं बापाले विचारू नको, मलेच विचार.

इकडं सगळे बरे हाय. हरभरा निघाला. गाय व्याली, गोऱ्हा झाला. तुह्या सासऱ्याचा गुडघा दुखते पण सांगत नाहीत.

गेलेल्या माणसाचं पायातलं घरात ठेवत नसतात, कोणाले देऊन टाक म्हणून हे माह्या मागं लागले. सालदार सहदेवले बोलावलं. त्यानं एक बूट पायात टाकला अन् मले पाहवलं नाही. काढ म्हटलं.

परवा ते बूट मीच घातले. हसू नको. दोन-दोन मोजे चढवले, पुढं कापूस कोंबला अन् परतवाड्याहून जीप धरली. हे म्हणे एकटी कुठं चालली, मी येतो. मी म्हटलं तुम्ही गुडघा सांभाळा.

घाटाच्या वळणावर उतरली. ड्रायव्हर म्हणे, मावशी, इथं तं काहीच नाही. मी म्हटलं तेच पाह्यचं हाय.

नितेश स्कॉटलंडातून फोनवर तेच सांगे. डोंगराची धार, दोन्ही बाजूनं खोल, मधात पायवाट, दिवसभर माणूस दिसत नाही. मी म्हणो, मंग त्यात काय पाहतं बापा? तो म्हणे, आई, तू एकदा चालून पाह्य. त्याच धारेवर धुकं आलं अन् त्याचा पाय सुटला. तिकडं मले कोण नेते? म्हणून आपल्याच गाविलगडच्या डोंगरावर गेली.

पहिल्या चढाले मी तुलेच शिव्या देत होती. खोटं कायले लिहू. मंग दम लागला अन् शिव्या आपोआप बंद झाल्या.

वर वारा असा की डोक्यावर पदर राहीना. सागाची पानं झडलेली, डोंगर बोडका. एका हाताले आपला सपाट मुलुख धुळीत बुडालेला, दुसऱ्या हाताले डोंगरामागं डोंगर. कोणी हाक मारत नाही, कोणी चहा मांडा म्हणत नाही. लग्न झाल्यापासून एवढा वेळ मी गप राहिली नव्हती. भाकर सोडायचं ध्यानात राहिलं नाही. हे वळण पाहू, मंग ते पाहू, असं करत गेली. तुहे सासरे समोर येऊन हात जोडते, तरी मी मागं फिरली नसती.

तेरवीच्या मांडवात मी सगळ्यांपुढं तुले म्हटलं होतं, एकट्याले जाऊच कसं दिलं. तू उठून बापाच्या गाडीत जाऊन बसली. आता मलेही यांनी अडवलं होतं. मी थांबली का? बाकी तू समजून घे. मले गोड लिहिता येत नाही.

उतारावर एक कोरकू बाई मोहाची फुलं वेचत होती. रुख्मिणी नाव. माह्या पायाकडं पाहून एवढी हसली की टोपली कलंडली. हे कोणाचे म्हणे. म्हटलं पोराचे. तिनं हसत हसतच विचारलं,

“मंग पोरगं काय घालून हिंडते?”

मी तिथंच खाली बसली. तिले वाटलं ऊन लागलं. पाणी पाजलं बिचारीनं, हात धरून रस्त्यापर्यंत आणलं.

तुले सांगणार नव्हती. तेरवीले त्याच्या नावानं छत्री अन् चपला दिल्या ना, वाटेत पाय पोळू नये म्हणून, त्या चपला मीच आणल्या होत्या. दुकानदारानं नंबर विचारला. मी आठ म्हटलं. कॉलेजात त्याले आठच लागे. तिकडून आलेली पेटी तं कोणी उघडू दिली नाही, पाय पाह्यले कोणी? तुह्या खोक्यातून एवढाले बूट निघाले, ते आठ नंबरचे नव्हते. त्याच दुकानात घेऊन गेली. तो म्हणे डोंगराचे बूट मुद्दाम मोठे घेतात, यावरून पाय समजत नाही.

मंग कशावरून समजते? लेकरू लहान चपला घालून चालून राहिलं असन. टाच बाहेर, खाली तापलेली वाट. अन् तो काही बोलणार नाही. लहानपणीही बूट चावले तं सांगे नाही, घरी आल्यावर मोज्याले रक्त दिसे.

अखजी, म्हणजे अक्षय तृतीया, एकोणीस तारखेले हाय. त्या दिवशी त्याच्या नावाची पहिली घागर भरायची. घागरीसंग चपला पुन्हा देता येतात, मी महाराजाले विचारलं. पण आता मी अंदाजानं घेणार नाही. नवऱ्याच्या पायाचा नंबर तुलेच ठाऊक असन, दुसऱ्या कोणाले नाही. फोनवर सांगू नको. तू ये. दुकानात दोघी जाऊ. घागर मले एकटीले उचलणार नाही.

बूट पुसले नाहीत. तिकडच्या चिखलावर इकडची माती बसली, तशीच ठेवली हाय. तुले पाह्यची असन तं पाह्य.

पंधरा तारखेपर्यंत येतं की नाही ते कळव. वाट पाह्यचं मले जमत नाही, तुले माहीत हाय.

तुही सासू असं लिहीत नाही,
नितेशची आई