शनिवारचा बाराचा भोंगा

सोमवार, २९ एप्रिल. सकाळी ७.
ढगाळ. दक्षिणेचा वारा. दोन अंडी, कॉफी. राष्ट्रीय हवामान खातं म्हणतं, आठवडाभर वादळं, शनिवार सर्वांत वाईट. धोक्याच्या नकाशावर आमचं ओक्लाहोमा राज्य पिवळं, लाल नाही. मी सव्वीस वर्षं भूगोल शिकवला आहे. आपलं गाव वाचणार.
तरी अंगणातलं वादळाचं तळघर साफ करावं. बायको, लोरीन, ऑक्टोबरात गेली, तेव्हापासून उघडलेलं नाही. गरज पडली नाही, एवढंच कारण. उद्या नक्की.

मंगळवार, ३०.
किल्ली सापडली नाही. फार शोधली नाही, कारण ती खिशातच असावी.
शेजारच्या डार्लाने कुंपणावरून विचारलं, मास्तर, तळघर तयार आहे ना? तिचं घर पत्र्याचं, ट्रकवरून आणून विटांच्या ठोकळ्यांवर ठेवलेलं. तिच्या सासूबाई ओपल शहाऐंशीच्या. वादळात दोघी आमच्याच तळघरात येतात. मी म्हणालो, चकाचक आहे.

बुधवार.
गारा, लिंबाएवढ्या. नकाशा नारिंगी. किल्ली खिशातच होती. कुलूप काढलं. दार जड वाटलं. पुन्हा लावलं. गुडघा दुखतो. गुडघा दुखला की दोन दिवसांत हवा सुधारते. हे खात्याला कळत नाही.

शुक्रवार, ३ मे.
नकाशा लाल. नाश्त्याला गेलो तेव्हा हॉटेलवाल्या डेल्बर्टला सांगितलं, वादळ उत्तरेला वळणार. तो म्हणाला, मास्तर, मागच्या खेपेला तुम्ही हेच म्हणालात आणि माझं छप्पर पुढच्या गावात सापडलं. लोक हसले. अडाणी.
संध्याकाळी तळघराचं दार उघडलं. बाकांवर लोरीनने पाकात घातलेल्या पीच फळांच्या बरण्या, वर तिच्या अक्षरात वर्षं. हलवल्या तर फुटतील. काचेचा प्रश्न आहे, दुसरं काही नाही. कुलूप लावलं. उद्या सकाळी पहिलं काम.

शनिवार, ४ मे. दुपारी ३.
सकाळी जमलं नाही.
बाराला वादळाच्या इशाऱ्याचा भोंगा. दर शनिवारी बाराला चाचणीचा भोंगा असतो, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून ओसरीवर उभा राहून सँडविच खात होतो. डार्ला ओपलबाईंची चाकाची खुर्ची ढकलत धावत आली. मी ओरडलो, अगं, चाचणी आहे! ती ओरडली, आभाळ भरलं की चाचणी रद्द असते, मास्तर, वर बघा की!
बघितलं. आभाळ हिरवं होतं, मोठ्या वादळाआधी इथे होतं तसं.
कुलपाला मला दोन मिनिटं लागली. दोघांनी धरून ओपलबाईंना खाली नेलं. त्या म्हणाल्या, हे तुझं चकाचक का रे? बसायला जागा नव्हती. डार्लाने बरणीला हात घातला. मी म्हणालो, थांब. मग मीच एकेक उचलून जमिनीवर ठेवली. ओपलबाई म्हणाल्या, लवकर कर, लोरीन असती तर तुलाच बाहेर ठेवलं असतं. खरं आहे.
दारावर काहीतरी येऊन बराच वेळ बसल्यासारखं झालं. मग उठून गेलं. ओपलबाईंना भूक लागली होती. त्यांनी न विचारता एक बरणी उघडली. तिघांनी बोटांनीच खाल्लं. साखर जास्त. नेहमीच असायची.
वर आलो. माझं घर आहे. डार्लाचं नाही. दोन ओळींत विटांचे ठोकळे राहिलेत फक्त.

रविवार, ५ मे.
स्वच्छ. खात्याचा अंदाज बरोबर आला. माझा चुकला. दोघी आमच्या खोलीत झोपल्या आहेत. मी सोफ्यावर होतो. डार्लाने रात्री विचारलं, किती दिवस राहू? मी म्हणालो, बघू. मग म्हणालो, राहा.
ओपलबाईंचे मोजे चिखलाने भरले होते. धुतले. मागे जाऊन दोरीवर घातले.