आत्याच्या फायरप्लेसमध्ये शेगडी बसवणे

९ ऑक्टोबर
व्हर्ना आत्याशी ठरलं. हिवाळाभर तिच्या घरी राहायचं, जेवायचं. बदल्यात तिच्या विटांच्या फायरप्लेसच्या पोटात लाकडं जाळायची बंद लोखंडी शेगडी बसवून द्यायची. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आत. "नाही पेटली तर वेंडेल, तुझं तू बघ," म्हणाली. व्हरमाँटच्या माणसांना धमकी दिल्याशिवाय जेवण पचत नाही.
एका दुपारचं काम. विटांचं भोक, त्यात लोखंडाचा डबा. उद्या सुरू.

११ ऑक्टोबर
काल सुरू केलं नाही. सफरचंदांचा रस काढणाऱ्यांकडे रेंगाळलो. त्यांचा जन्म गेला त्यात, तरी पिळायची अक्कल नाही. बरंच शिकवावं लागलं. उद्यापासून येऊ नकोस म्हणाले.
आज माप घेतलं. तोंड ऐसपैस आहे. आत्याने विचारलं, आतून मोजलंस का? भोकाला आतून काय मोजायचं! बायकांना काहीतरी विचारायचं असतं.

१८ ऑक्टोबर
शेगडी आणली. जुनी, पण दणकट. विकणारा म्हणाला, परत घेणार नाही हं. म्हटलं, परत देणारे वेगळे.
सोबत माहितीपुस्तिका होती. सगळी चित्रंच. तिच्यावर कॉफीचा मग ठेवतो.

२ नोव्हेंबर
मधले दिवस बर्लिंग्टनला गेले. एक जण फिडल वाजवायला शिकवणार होता. त्यालाच येत नव्हतं.
आत्या स्वयंपाकघरात कोट घालून बसते. नाटकी बाई.

१४ नोव्हेंबर, दुपार
हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. गावातले झाडून सगळे केशरी टोप्या घालून झाडांमागे उभे. शेगडी ढकलायला माणूस नाही. शेवटी शेजारचा ऑरिन आला. विधुर, गुडघे गेलेले, तोंड शाबूत. गावातल्या प्रत्येक धुराड्याशी याचं लग्न लागल्यासारखा बोलतो.
ढकलली. अर्धी गेली, अडकली.
ही फायरप्लेस पुढे रुंद, मागे निमुळती! बाजूच्या भिंती तिरक्या, मागची पुढे झुकलेली. ऊब खोलीत फेकली जावी म्हणून पूर्वी मुद्दाम अशा बांधायचे, म्हणे. "इथलं शेंबडं पोरही सांगेल रे," ऑरिन म्हणाला. मग सांगायचं होतं! आत्या म्हणाली, मी विचारलं होतं. विचारणं आणि सांगणं यात फरक असतो, पण कोणाला समजावणार?

१७ नोव्हेंबर
विटा माझ्या पणजोबांनी रचलेल्या. म्हणजे हौशी काम. मागच्या दोन-चार काढल्या की झालं. छन्नी घेतली.

त्याच दिवशी, नंतर
मागच्या भिंतीमागे आणखी एक भिंत असणार, हा माझा अंदाज अचूक निघाला. तीही पडली. आता फायरप्लेसमधून मागची बाग दिसते.
आत्याने वाकून भगदाडातून बागेकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं झालं. इथे खिडकी हवीच होती."
टोमणे मारणाऱ्यांच्या हातून कधी काही घडलेलं नाही.

२० नोव्हेंबर
शेगडी आत बसली! मागच्या भगदाडाला पत्रा आणि जुना गालिचा. ऑरिनने विचारलं, धुराड्यात वरपासून पाईप सोडलास का? म्हटलं, धुराला वर जायचं कोणी शिकवावं लागत नाही. लाकडं मी स्वतः तोडलेल्या मेपलची, अगदी ताजी, रसरशीत.
पेटवली.
या घरातला धूर शिकवावा लागणारा निघाला. आम्ही तिघेही बर्फात उभे होतो. गालिचाही पेटला, पण तो कुरूप होता. आग ऑरिनने विझवली. दोन बादल्या ओतून जग वाचवल्याचा आव. मग आत्याला म्हणाला, "व्हर्ना, चल माझ्याकडे. माझी शेगडी निदान घराच्या आत पेटते." कसले हे विनोद.

२६ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग
जेवण ऑरिनकडे झालं. आत्या वसंतापर्यंत तिथेच राहणार. सकाळी तिने घराचं पाणी बंद केलं, पाईप गोठून फुटू नयेत म्हणून सगळे नळ सोडून रिकामे केले. या घराचं पाणी हिवाळ्यात आजवर कधी तोडलं नव्हतं, असं काहीसं पुटपुटली. डोळे लाल होते. त्या दिवशीचा धूर अजून उतरलेला दिसत नाही.
ऑरिनला विचारलं, माझ्यासाठी एखादी खोली? म्हणाला, "खोली आहे रे पोरा. पण तिथे भिंतीही आहेत."
दक्षिणेकडे जातोय. मला इथली माणसं कधी मानवलीच नाहीत.
बस थांब्यावर. सण म्हणून बस उशिरा. बोटं वळत नाहीत, अक्षर त्यामुळे असं. निघताना आत्याने टर्कीचं सँडविच फॉइलमध्ये गुंडाळून हातात दिलं. तिची टर्की नेहमीच कोरडी. खाणार नाही एवढ्यात.
कोटाच्या आत छातीशी धरलंय. अजून गरम आहे.